शेजारचा इंटरनेटवाला “ही फ्रिक्वेन्सी आमची” म्हणून माझी ५ गिगाहर्ट्झची लिंक (दोन डिशमधली बिनतारी जोडणी) बंद करायला लावू शकतो का? (राळेगाव तालुका, यवतमाळ)

नाही, लावू शकत नाही. या पट्ट्यात आधी आला म्हणून कुणाचाही हक्क लागत नाही. केंद्राच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त केले. मुख्य अट अशी, की दुसऱ्याला अडथळा करायचा नाही आणि आपल्याला झाला तर संरक्षण मागायचं नाही. लिलावात पैसे मोजून घेतलेल्या स्पेक्ट्रमचा हक्क वेगळा; तो मोबाइल कंपन्यांकडे असतो, गावोगावी डिश लावणाऱ्याकडे नाही. ही अट तुम्हालाही लागू आहे, म्हणून भांडण्याआधी एवढं करा:

- दोघांचे चॅनल (पट्ट्यातले छोटे तुकडे) एकमेकांपासून लांब ठेवा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणा. एकाच पाण्याच्या टाकीवर दोन डिश आणि दोन्हींची रुंदी ८०, मग दुसरं काय होणार!
- ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात (५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ) डिशचा गेन, म्हणजे डिश लहरी एका दिशेला एकवटून जी ताकद वाढवते ती, धरून ४ वॉटच्या वर जाऊ नका. डिशच्या रेडिओच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या देशाचं नाव टाकून तुम्ही पॉवर वाढवली असेल, तर मात्र शेजाऱ्याची तक्रार खरी ठरते.

एक गोष्ट वेगळी समजून घ्या: लहरी मोकळ्या आहेत, इंटरनेट विकणं मोकळं नाही. गावात पैसे घेऊन कनेक्शन देत असाल तर आयएसपी (इंटरनेट सेवा देणाऱ्याचा) सरकारी परवाना लागतो. फक्त वायफाय हॉटस्पॉट चालवायचा असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत दुकानदाराला परवाना लागत नाही.