दादांना हिरो म्हणून नका बघू, सोंगाड्या म्हणून बघा

तुम्ही विचारलंय की दादा कोंडक्यांचे 'पळवा पळवी' आणि 'येऊ का घरात' असे दोन पिक्चर पाहिले, दोन्हीत डबल मीनिंग सोडून काही दिसलं नाही, मग घरातले मोठे लोक दादांचं नाव काढलं की एवढे खुलतात कशाला, आणि बघायचाच झाला तर कुठला बघू. प्रश्न रास्त आहे, उगाच कुणी अंगावर येऊ नका त्यांच्या. फक्त तुम्ही जेवणाला शेवटच्या पंगतीत बसलात एवढंच झालंय. ते पिक्चर 1990 आणि 1992 चे. दादांचा जन्म 1932 चा, म्हणजे तेव्हा माणूस साठीला टेकलेला आणि तीच ढगळ अर्धी चड्डी, तीच लोंबणारी नाडी. ते मलाही बघवत नाहीत, खरं सांगतो.

पण आमच्या पिढीनं दादा पहिल्यांदा बघितले ते यात्रेतल्या तंबू थिएटरात. जमिनीवर पोतं अंथरून बसायचं, मधे दोरी, एका बाजूला बाया एका बाजूला पुरुष, रीळ तुटलं की शिट्ट्या. मी तेव्हा इतका लहान होतो की निम्मे विनोद डोक्यावरून गेले पण हसून हसून पोट दुखलं होतं, आणि दोरीच्या पलीकडं आमची आजी पदर तोंडाला लावून हसत होती हे मला अजून दिसतं. ती काय चावट बाई नव्हती हो. मग ती कशाला हसत होती, ह्याचं उत्तर मला फार उशिरा, तमाशा कसा चालतो ते जरा समजल्यावर मिळालं.

तमाशात आधी गण म्हणजे गणपतीला नमन होतं, मग गौळण म्हणजे कृष्ण आणि गवळणींची छेडाछेडी, मग बतावणी म्हणजे विनोदी बोलाचाली, आणि मग वग म्हणजे गोष्टीचं नाटक. त्यात सोंगाड्या नावाचा एक प्राणी असतो. तो दिसायला येडागबाळा, कपडे धड नाहीत, बोलणं खेडवळ, पण राजाला, प्रधानाला, सरदाराला तोंडावर उलटं बोलायचा परवाना फक्त त्याला. आणि तो पाठ केलेलं बोलत नाही, आज ह्या गावात काय घडलं, पाटलानं कुणाची जिरवली, भाव कशाचे वाढले, हे सगळं तो तिथल्या तिथं घालतो. दोन अर्थांचं बोलणं हे त्याचं एक हत्यार, सगळं दुकान नाही. तो शब्द सरळ चेहऱ्यानं टाकतो आणि गप्प उभा राहतो, दुसरा अर्थ लावतो तो ऐकणारा, आणि मग सोंगाड्याच उलट त्याला विचारतो की बाबा तुला हसायला काय झालं. दादांनी पुढं सेन्सॉरवाल्यांशी हाच डाव खेळला, की माझ्या वाक्यात तर काहीच नाही, घाण तुमच्या डोक्यात आहे.

आता दादा तिथं पोचले कसे. खरं नाव कृष्णा कोंडके, घराणं मूळ भोरकडच्या इंगवलीचं पण जन्म आणि वाढ मुंबईत नायगावला, चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत. पोरवयात मारामाऱ्या भरपूर केल्या, हे ते स्वतःच सांगायचे. मग जवळची माणसं लागोपाठ गेली आणि पोरगा हादरला. अपना बाजारात नोकरी केली. बँड वाजवायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात, म्हणजे गाणी नाटुकली करणाऱ्या टोळीत, पण शिरले, बँडवाले दादा म्हणूनच लोक ओळखायचे. ह्या बँडचं लोक विसरतात पण मला वाटतं दादांचं टायमिंग तिथून आलंय, पुढचा मागचा ठोका धरून मधली जागा कशी मोकळी सोडायची हे ज्यानं ताशा ढोल जवळून ऐकलाय त्याला शिकवावं लागत नाही. (हे माझं मत आहे, कुठं लिहिलेलं नाही.)

कलापथकातून स्वतःची पार्टी काढली, 'खणखणपूरचा राजा' केलं, आणि मग वसंत सबनीसांच्या मागं लागून एक वग घेतला. 'छपरी पलंगाचा वग' हे त्याचं मूळ नाव, तेच 1965 ला 'विच्छा माझी पुरी करा' म्हणून उभं राहिलं. सबनीस म्हणजे तेच ज्यांनी पुढं 'अशी ही बनवाबनवी' लिहिला, तुमच्या पिढीला ती ओळख लवकर पटेल. 'विच्छा'त दादा हवालदार. गोष्ट राजाची, पण राज्य कुठलं चाललंय ते प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं, कारण दादा रोजच्या पेपरातलं त्यात घालायचे, सत्तेतल्या काँग्रेसला धू धू धुवायचे. हजाराच्या वर प्रयोग झाले. मी काही बघितलेला नाही, माझं वय नव्हतं, पण आमच्या एका मामानं पाच वेळा बघितला होता आणि त्याचं म्हणणं पाचही वेळा वेगळं नाटक होतं. संहिता तीच, माणूस तोच, पण गाव बदललं की विनोद बदलला. असं ज्यानं वर्षानुवर्षं केलंय, रात्री कुठल्यातरी गावात हजार माणसं समोर आणि हशा आला नाही तर जागच्या जागी दुसरं वाक्य काढायचं, त्याला कॅमेऱ्यापुढं कुठं थांबायचं हे सांगायला डायरेक्टर लागत नाही.

आशा भोसलेंनी हे नाटक बघून दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडं दादांचं नाव सुचवलं असं सांगतात. भालजींनी 'तांबडी माती'त घेतलं, 1969 साली, त्या पिक्चरला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दादांचं वय तेव्हा छत्तीस सदतीस. आजच्या हिशोबानं ह्या वयात लोक हिरोचं काम सोडून काकाचं काम शोधायला लागतात.

आणि मग 1971 ला 'सोंगाड्या'. सदिच्छा चित्र हे स्वतःचं बॅनर, लेखन सबनीसांचं, डायरेक्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं, उषा चव्हाण, निळू फुले, आईच्या कामात रत्नमाला. माझं सगळं म्हणणं 'सोंगाड्या' ह्या एका नावात आहे बघा. मराठीत तमाशापट काही नवीन नव्हते, 'सांगत्ये ऐका' 1959 चा, पुण्यात 131 आठवडे चालला. पण त्या पिक्चरांत हिरो कोण, तर पीळदार मिशीचा, फेट्याचा, छाती काढून चालणारा गडी, आणि सोंगाड्या कुठं, तर कोपऱ्यात, दोन गाण्यांच्या मधे हसवण्यापुरता. दादांनी कोपऱ्यातल्या माणसाला उचलून मधोमध उभं केलं. 'सोंगाड्या'तला दादांचा नाम्या हा आईच्या धाकातला भोळा गडी, अंगात ताकद नाही, रूप नाही, अक्कल आहे पण ती लपवलेली. असा हिरो. तंबूत बसलेल्या माणसाला पडद्यावर पहिल्यांदा आपल्यासारखं कुणीतरी दिसलं जो शेवटी जिंकतो पण, आणि पोरगी पण त्यालाच मिळते. आजी कशाला हसत होती ते मला इथं कळलं. ती चावट शब्दाला हसत नव्हती, हा येडा मोठ्या मोठ्यांची कशी फजिती करतो त्याला हसत होती.

ह्या 'सोंगाड्या'चा दादरच्या कोहिनूर थिएटरचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. पिक्चर लागायचा ठरला होता आणि थिएटरवाल्यानं आयत्या वेळी देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला जागा दिली. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडं गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढं दादा शिवसेनेच्या प्रचाराला गावोगाव फिरले त्याची सुरुवात इथली. काही लोक म्हणतात सेनेमुळे दादा चालले. पटत नाही. राडा करून पिक्चर लावता येतो, चालवता येत नाही. पंचवीस पंचवीस आठवडे तिकीट काढून लोकांना कोण बसवणार? आणि हे एकदा नाही झालं, 'एकटा जीव सदाशिव' 1972, 'आंधळा मारतो डोळा' 1973, 'पांडू हवालदार' 1975, 'तुमचं आमचं जमलं' 1976, 'राम राम गंगाराम' 1977, 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' 1978, एकामागून एक ज्युबिल्या, नऊ सिल्व्हर ज्युबिल्यांसाठी गिनीज बुकात नाव गेलं ते ह्याच जोरावर.

बरं ह्यातला 'एकटा जीव' तुम्ही कदाचित न कळत बघितलाय. गोविंदाचा 'जिस देश में गंगा रहता है' आठवतो का, 2000 सालचा? महेश मांजरेकरांचा. तो ह्याचाच रिमेक. शहरातल्या पैसेवाल्यांचा पोरगा खेड्यात वाढतो आणि मोठा झाल्यावर बंगल्यात आणून सोडतात, मग तो बंगल्यातल्या सगळ्यांची रीतभात उलटीपालटी करतो. म्हणजे परत सोंगाड्याच, फक्त दरबाराच्या जागी बंगला.

'पांडू हवालदार' जरा थांबून बघण्यासारखा आहे. डायरेक्शन दादांचं स्वतःचं, पहिलंच. 'विच्छा'तला हवालदार दहा वर्षांनी खाकी घालून आला असं समजा. आणि जोडीला दुसरा हवालदार म्हणून अशोक सराफ, तेव्हा बँकेत नोकरी करून कामं करणारे, त्यांचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते ह्या पिक्चरनं. आता हे बघा, पिक्चरचा मालक दादा, डायरेक्टर दादा, हिरो दादा, आणि तरीही समोरच्या नव्या नटाला हशे घेऊ दिलेत. कंजूष नट असता तर एडिटिंगला बसून कापले असते. दोघांचे एकत्र सीन बघा, अशोकमामा चेहऱ्यानं आणि डोळ्यांनी खेळतात, दादा जवळजवळ काहीच करत नाहीत, नुसते बघतात आणि अर्ध्या सेकंदानं उशिरा बोलतात. तो अर्धा सेकंद म्हणजे दादा. गुजरातीत ह्याचा 'चंदू जमादार' पण झाला.

आणि 'पांडू हवालदार'लाच राम लक्ष्मण ही संगीतकार जोडी दादांनी उभी केली, नाव पण दादांचंच. त्यातले राम लवकर गेले, पण लक्ष्मण म्हणजे विजय पाटलांनी जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत लावलं, आणि तेच पुढं 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'चे रामलक्ष्मण. सूरज बडजात्यांच्या सोज्वळ गाण्यांचा माणूस दादांच्या चावट गाण्यांतून तयार झाला, ह्यावर मी तासभर बोलू शकतो पण असो. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर हे आवाज तर ठरलेलेच, एका पंजाबी माणसानं अस्सल गावरान मराठी गाणी गायली आणि कुणाला खटकलं नाही. 'ढगाला लागली कळ' तर 2019 ला हिंदीवाल्यांनी परत काढलं.

मग बिघडलं कुठं. माझ्या मते ऐंशीनंतर. हिंदीत गेले, 'तेरे मेरे बीच में' 1984 चा, मग 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' 1986 चा, पुढं 'खोल दे मेरी जुबान'. नावंच बघा ना. मराठीत तो शब्द खेड्यातल्या रोजच्या बोलण्यातून येतो म्हणून अंगावर येत नाही, हिंदीत त्याला खालची माती नाही, नुसता चावटपणा उरला. आणि मराठीतही 'मुका घ्या मुका' पर्यंत येता येता समोरचा राजा आणि प्रधान गायब झाला. सोंगाड्याला टोला मारायला कुणीतरी मोठा लागतो, तो नसला की टोला जातो बाईवर. तुम्हाला जे खटकलं ते हे आहे आणि ते बरोबर खटकलंय. शिवाय तोपर्यंत 'धुमधडाका', 'बनवाबनवी'वाले आले होते, महेश कोठारे, सचिन, लक्ष्या, हिरो शहरात राहायला गेला, पॅन्ट शर्ट घालायला लागला.

खासगी आयुष्यावर मी जास्त लिहीत नाही, 'एकटा जीव' हे आत्मकथन अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलंय ते वाचा, नावावरूनच कळेल. 14 मार्च 1998 ला मुंबईत गेले, हार्ट अटॅक.

तर कुठला बघू ह्याचं उत्तर, आधी 'सोंगाड्या', मग 'पांडू हवालदार', मग जमलं तर 'एकटा जीव सदाशिव'. प्रिंट जुनी आहे, आवाज खरखरतो, गाणी लांब आहेत, पळवायची असली तर पळवा पण दादा आणि आईचे सीन पळवू नका. आणि मोबाईलवर हेडफोन लावून एकट्यानं तर अजिबात नको. घरातल्या त्या मोठ्या लोकांनाच शेजारी बसवा, आणि पडद्याकडं कमी, त्यांच्याकडं जास्त बघा, ते कुठल्या वाक्याला हसतात आणि ते वाक्य येण्याआधीच कुठं हसायला लागतात ते. बघून झालं की इथं लिहा.