डार्विनजवळ पाच एकर घ्यायचं म्हणताय, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही नर्स, ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा हातात, नाशिकचा प्लॉट विकून डार्विनबाहेर हम्प्टी डूला पाच एकर आणि त्यावरचं जुनं घर घ्यावं का?

आत्ता ते घेताच येणार नाही. ४९१ हा तात्पुरता व्हिसा आहे, आणि १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात तात्पुरत्या रहिवाशांना ऑस्ट्रेलियात जुनं, वापरातलं घर घ्यायला बंदी आहे. नवं घर किंवा मोकळा प्लॉट घेता येतो, पण त्याला फर्बची, म्हणजे परदेशी गुंतवणूक मंडळाची परवानगी लागते. दहा लाख डॉलरच्या आतल्या व्यवहाराला त्याची फीच साधारण १५,००० डॉलर पडते, आणि मोकळ्या प्लॉटवर चार वर्षांत घर पूर्ण करावं लागतं. तीन वर्षांनी १९१ या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो, पीआर (कायमचा रहिवास) झालं की हा खर्च आणि अटी दोन्ही सुटतात. पहिल्या घराचं सरकारी अनुदानही तोवर नाही, कारण अर्जदारांपैकी निदान एक जण नागरिक किंवा पीआर असावा लागतो. माझं मत विचाराल तर तोवर भाड्याने राहा.

मालकी हक्काची काळजी मात्र करू नका. इथे टोरेन्स पद्धत आहे. सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव, तो मालक. आपल्यासारखा सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा सर्च हा प्रकार नाही. पण डार्विन ज्यात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीची निम्मी जमीन १९७६च्या कायद्याखाली आदिवासी ट्रस्टांच्या मालकीची आहे. ती विकली जात नाही, फक्त लीजवर मिळते, आणि तिथे जायलाही परमिट लागतं. उरलेल्यातली बहुतेक गुरांच्या रानांची सरकारी लीज आहे. न्हुलुनबाय या टेरिटरीतल्या गावाला नोकरी लागली तर तिथे आपल्या मालकीचं घर हा विषय डोक्यातून काढा, ते गावच लीजच्या जमिनीवर आहे.

आता हम्प्टी डू, पीआर झाल्यावर घ्यायचं ठरलं तर. पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर. रूरल लिव्हिंग झोनमध्ये, म्हणजे ग्रामीण निवासाच्या पट्ट्यात, तुकड्याची किमान मर्यादा २ हेक्टर, त्यामुळे 'पुढे अर्धी विकू' हा हिशेब बसत नाही. पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पातळी सर्वांत खाली जाते, म्हणून बोअरचा नोंदणी क्रमांक मागून सरकारी नकाशावर खोली आणि मिळणारं पाणी तपासा. उलट जागा पाहायला जानेवारी-फेब्रुवारीत जा. मेमध्ये कोरडीठाक दिसणारी जमीन तेव्हा गुडघाभर पाण्यात असू शकते, आणि सेप्टिक टाकी तिथे चालत नाही.

पैसे खरे अडकतात ते परवानगी नसलेल्या बांधकामात. खांबांवरच्या घराखालचा भाग भिंती घालून बंद केलेला, मागे शेड, वर व्हरांडा, आणि कागद कशाचेच नाहीत. १९७४च्या ट्रेसी चक्रीवादळानंतर वाऱ्याचे नियम कडक झाले. असं बांधकाम त्यांत बसत नाही, मग बँक किंमत कमी धरते आणि विमा कंपनी हात वर करते. विकणारा आपणहून सगळं सांगेल, असं धरून चालू नका. मालकाची संमती घेऊन बिल्डिंग फाइल मागवा, नकाशा हातात घेऊन घर फिरा. पोहण्याचा तलाव असेल तर कुंपणाचं प्रमाणपत्र पाहा. वाळवीची तपासणी वेगळी करून घ्या, इथली वाळवी जिवंत झाडंसुद्धा पोखरते.

कॉन्ट्रॅक्टमध्ये कर्जमंजुरी आणि इमारत-वाळवी तपासणी या दोन अटी लिहून घ्या. सही केल्यावर माघार घ्यायला कामकाजाचे चार दिवस मिळतात, लिलावात घेतलं तर तेही नाहीत.

स्टॅम्प ड्युटी ५ लाखांच्या घराला २३,९२९ डॉलर. ५,२५,०००च्या वर पूर्ण किमतीच्या ४.९५ टक्के, म्हणजे ६ लाखांना २९,७०० (३० लाखांपर्यंत हाच दर). दरवर्षीचा जमीन कर मात्र इथे नाही, ऑस्ट्रेलियात हे एवढंच ठिकाण.

नाशिकचे पैसे: अनिवासी झाल्यावर प्लॉट विकलात तर रक्कम एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपया खातं) जाते, तिथून आर्थिक वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. आधी भारतातला कर भरा, सीएचं प्रमाणपत्र घ्या. हे काम आठवड्यात होत नाही, त्यामुळे सेटलमेंटची, म्हणजे पैसे देऊन व्यवहार पुरा करण्याची, तारीख पैसे इथे पोचल्यावरच ठरवा.