हस्की की लॅब्राडोर? आधी पाटल्या सोडवून आणा

पत्र जुळे सोलापुरातून आलंय. वाचक 41 वर्षांचे, अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात हिशेबनीस. पगार हातात 46 हजार, घरखर्च 38 हजार. सहावीतल्या मुलाने हस्कीचा हट्ट धरलाय. पुण्याचा विकणारा पिल्लाचे 45 हजार मागतो, वर सांगतो की मादी घ्या, दोन विणींत पैसे वसूल. एक लाख दहा हजारांची एफडी मोडून हस्की घ्यावी की लॅब्राडोर, एवढाच त्यांचा प्रश्न. पण पत्राच्या शेवटी ही ओळ आहे: "वर्षाला 72 हजारांची पॉलिसी आहे. तीन हप्ते झाले, अजून दोन भरले की मोकळा, मग तेच पैसे कुत्र्याला. मागचा हप्ता सौ.च्या पाटल्या ठेवून भरला."

हस्कीचं उत्तर सरळ आहे: नको. बर्फात गाडी ओढणारी ही जात, अंगावर दुहेरी केसांचा थर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या पुढे जातो. तिच्यासाठी दिवसभर एसी लावावा लागेल, नाहीतर त्या मुक्या जीवाचे हाल होतील. विणीतून पैसे वसूल करायचं तर डोक्यातून काढूनच टाका. पिल्लं विकण्यासाठी कुत्री पाळायची तर 2017च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. शिवाय एक वीण अडली तर ऑपरेशनच्या खर्चात सगळा नफा जातो. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही, कारण त्याला आजचं पिल्लू खपवायचंय.

आता पॉलिसी. पहिल्या पानांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. दुसरा फोटो मोठा करून बघा. तिथे हप्ते भरण्याची मुदत 12 वर्षे लिहिली आहे आणि पॉलिसीची मुदत 20. पाच हा आकडा त्या कागदांवर कुठेही नाही. बँकेच्या काउंटरवर "एफडीसारखंच आहे, पाच वर्षांत मोकळे" असं तोंडी सांगितलं गेलं आणि तुम्ही सही केलीत. म्हणजे दोन नाही, अजून नऊ हप्ते बाकी आहेत. सहा लाख 48 हजार रुपये. दर आठवड्याला असं एक तरी पत्र येतं आणि दर वेळी मला तितकाच संताप येतो. दिवसभर दुसऱ्याचे हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसालाही हे असं गळ्यात मारलं जातं.

एवढं भरून विसाव्या वर्षी मिळणार साधारण साडेसतरा लाख. म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. त्या पाच टक्क्यांसाठी तुम्ही 11 टक्क्यांनी सोनेतारण कर्ज काढलंय. आणि विमा? तुम्हाला काही झालं तर घरी 7 लाख 20 हजार येतील. तुमच्या खर्चाने ते दीड वर्षाच्या आसपास पुरतील. तेव्हा मुलगा फार तर आठवीत असेल.

सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर शाखेने तोंडी 75 हजार सांगितलेत. भरले 2 लाख 16 हजार, त्यामुळे जीव तुटणारच. पण नुसत्या तुलनेसाठी पुढचा हिशेब मांडा. हे 75 हजार आणि पुढची नऊ वर्षं दरसाल तेच 72 हजार पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी गेले, तर त्याच विसाव्या वर्षी अठरा लाखांच्या पुढे जातात. एवढा तोटा पोटात घालूनही पॉलिसी चालू ठेवण्यापेक्षा जास्तच. तेव्हा ऑगस्टचा चौथा हप्ता भरू नका. त्याआधी शाखेतून सरेंडरची रक्कम आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली) तर मिळणारी रक्कम, दोन्ही लेखी घ्या. विमा कंपनीकडे चुकीच्या विक्रीची तक्रारही करा. दाद नाही मिळाली तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. मात्र तोंडी आश्वासन सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून त्या आशेवर बसू नका.

सरेंडरचे पैसे आले की पहिलं काम 70 हजारांचं कर्ज फेडून पाटल्या घरी आणायचं. पत्रात मुलाचं म्हणणं आहे, विकणाऱ्याचं आहे, पाटल्या ज्यांच्या त्यांचं एक वाक्यही नाही. तुम्ही कारखान्यात आणि मुलगा शाळेत असताना कुत्र्याचं सगळं त्याच बघणार आहेत. त्यांना विचारा.

हप्ता थांबला की महिन्याला सहा हजार सुटतात. त्यातले तीन हजार 50 लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) आणि चौघांच्या मेडिक्लेमसाठी धरा. उरलेले तीन आणि आत्ता शिल्लक पडणारे दोन, असे पाच हजार हातात राहतात. लॅब्राडोर त्यात बसत नाही. खाणं, गोचिडांचं औषध, डॉक्टर मिळून महिन्याला सात हजार होतात, आणि ते दहा-बारा वर्षं. कारवान किंवा मुधोळ ही आपल्याकडची शिकारी कुत्री आपलं ऊन सोसतात, पण त्यांना पळायला रान लागतं. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांत ती कोंडून ठेवू नका.

गावठी पिल्लू मात्र बसतं. भाकरी, अंडी, थोडं चिकन, लसी, सगळं धरून दोन हजारांत भागतं. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यातही त्याचं निभतं, कारण केस आखूड असतात. राहिलेले तीन हजार एफडीच्या जोडीला टाकत जा, एफडीला हात लावू नका. पावसाळा सरला की गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. दोन महिन्यांच्या आतलं आईपासून तोडू नका, पार्व्हो-डिस्टेंपरची लस वेळेवर द्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. आणि दिवाळीचे फटाके संपल्यावरच घरी आणा, लहान पिल्लू त्या आवाजाने फार भेदरतं.