बयो, तुझ्या मेसेजला उत्तर

प्रिय बयो,

परवा हिस्टरीचा क्लास संपल्यावर तू मेसेज टाकलास, 'पप्पा, पोर्तुगीजांनी आपल्याला जबरदस्तीने ख्रिश्चन केलं ना, मग त्यांनी लादलेलं आपण अजून का चालवतोय, आणि आडनाव लोपीस असताना आपण मराठी तरी कसे?' मी त्यावर नुसतं 'फोनवर बोलू' लिहिलं आणि फोनवर मग आपण तुझ्या विंटर जॅकेटबद्दलच बोललो. खरं सांगू, झोंबलं मला. पहिला भाग नाही, तो कॉलेजात शिकवणारच आणि शिकवायलाही हवा. दुसरा झोंबला. म्हणून आता रात्री बसून टाइप करतोय. देवनागरी वाचायचा कंटाळा आला तर मम्मीला फोन लावून वाचून घे, ती मधेमधे स्वतःचं घालेल तेवढं वजा कर.

आधी जबरदस्तीचं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, शिपायांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन पाद्री आले, जेझुइट आले आणि पुढच्या काही दशकांत किल्ल्यापासून पार आगाशीपर्यंत चर्चेस उभी राहिली. आपल्या नंदाखाल गावचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. देवळं पाडली हे खरं आहे. अनाथ पोरांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवायचे हेही खरं, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माबद्दल चौकशी करून शिक्षा देणारं कोर्ट, बसलं होतं त्याची भीती वसईपर्यंत पोचत असणारच. कुणी जमीन टिकावी म्हणून बाप्तिस्मा घेतला असेल, कुणी घाबरून, आणि कुणीतरी एखाद्या फादरचं ऐकून, मनापासून पटून सुद्धा घेतला असेल की. आपल्या घरातला पहिला माणूस यातला कुठला ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. मी लहान असताना तुझ्या आजोबांना विचारलं होतं. ते रहाटाला तेल घालत होते, वर न बघता म्हणाले, 'तेव्हा मी नव्हतो.' संपला विषय. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं याच्याहून खरं उत्तर मी तरी काय देणार.

मी चर्चच्याच शाळेत शिकलो, मराठी मीडियम. चौथीला शिवाजी महाराज आणि पुढे कधीतरी चिमाजी अप्पा. १७३९, वसईचा वेढा. आमचे गुरुजी तो धडा असा रंगवून सांगायचे की वर्गात अर्धे डिमेलो, रॉड्रिग्ज, डाबरे आणि अर्धे पाटील, नाईक, वर्तक, सगळेच जीव मुठीत धरून ऐकायचे आणि किल्ला पडला की सगळेच बाकं बडवायचे. मी पण. घरी येऊन मोठ्या आजीला (माझ्या आजीला, तू तिला पाहिलं नाहीस) सांगितलं तर ती म्हणाली त्याच लढाईत आपली किती चर्चेस गेली, घंटा नेल्या उतरवून. म्हणजे दुपारी शाळेत आपण जिंकलो होतो आणि संध्याकाळी घरी आपण हरलो होतो, आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नाही गं. नंतर भूक लागली आणि मी जेवलो. विचित्र वाटायला लागलं ते नोकरीला लागल्यावर, ऑफिसच्या पिकनिकला वाईजवळ मेणवलीला गेलो तेव्हा. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे नदीवर घाट आहे आणि घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा टांगली आहे, वसईच्या लुटीतली. तिच्यावर मेरीमाता आहे, कडेवर बाळ येशू. तशीच एक घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. सगळे फोटो काढत होते, एक कलीग सहज म्हणाला, 'पेशव्यांनी जिंकून आणली, बघ काय दम होता.' मी पण हो म्हटलं. मग सगळे पुढे गेल्यावर हात लावून बघितला. थंडगार होती आणि मेरीमातेचं नाक लोकांच्या हातांनी गुळगुळीत झाल्यासारखं वाटलं, का ते मलाच वाटलं माहीत नाही. देवळात येणारी माणसं कितीतरी वर्षं ती वाजवतायत, आणि कुणीतरी ती वितळवून टाकली नाही याचंही मला बरंच वाटलं.

आता तुझा मुद्दा. ज्यांनी लादलं म्हणतेस ते १७३९ ला गेले की. पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री बहुतेक गेले, राज्य पेशव्यांचं आलं. तेव्हा सोडायचं असतं तर सोडता आलं असतं, आणि काहींनी सोडलंही, परत हिंदू झाले. आपले राहिले. वर ना राजा, ना सैन्य, गोव्याचे आणि वसईचेच जे काय थोडे फादर होते त्यांच्यावर चाललं. तुझ्या प्रोफेसरांना हे जरूर विचार, की गोरे निघून गेल्यावर लोक का थांबले. मला विचारशील तर दोनशे वर्षांत आई, आजी, पणजी सगळ्या त्या चर्चच्या मातीत पुरलेल्या, त्यांना टाकून कुठे जाणार. पण हे माझं वाटणं झालं, इतिहास नाही, असाइनमेंटमध्ये लिहू नकोस.

आणि चर्च म्हणजे तुला इथलं, परदेशातलं डोळ्यासमोर येतं. रविवारी एक तास, छान चकाचक, मग पार्किंग लॉट दहा मिनिटांत रिकामा. वाईट नाहीये ते, मला पण आवडतं, हीटिंग असतं. पण मी ज्याला चर्च म्हणतो ते वेगळंच काहीतरी होतं, अर्धं देवाचं आणि अर्धं ग्रामपंचायतीचं.

तुझी आजी संध्याकाळी वाडीत जास्वंदीच्या कळ्या खुडायची, उमललेलं फूल दादरला कुणी घेत नाही म्हणून कळीच हवी, टोक जेमतेम लाल दिसायला लागलेली. त्या केळीच्या पानात ओल्या करून गुंडाळायच्या, पाटीत रचायच्या, वर मोगरा, आणि पहाटेच्या लोकलने विरारहून दादर. बाजारात पोचेपर्यंत कळी उमलायच्या बेतात. ती फुलं गणपतीच्या पायाशी जायची आणि त्याच पैशांतून आजी येऊन चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, नऊवारी लाल लुगडं, गळ्यात काळी पोत आणि पोतीत क्रूस. तिला कधी कुणी विचारलं नाही तू मराठी कशी. विचारलं असतं तर पाटी उचलायला लावली असती आधी.

ऑक्टोबरमध्ये रोज संध्याकाळी आळीत एकेका घरी माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना. सगळ्यांच्या पडवीत चटया, बायका पुढे, बाप्ये मागे भिंतीला टेकून, आणि आम्ही पोरं मधे पेंगत. लितानी सुरू झाली की एक माणूस मेरीमातेची नावं घेणार आणि बाकी सगळे 'आम्हासाठी विनंती कर, आम्हासाठी विनंती कर', त्या लयीत झोप अशी लागायची ना. शेवटी उकडलेले चणे वाटायचे, त्याच्यासाठी तर जागं राहायचं. मे महिन्यात क्रुसापाशी, नाताळात घरोघरी नाताळगीतं, कुणाचा येशूजन्माचा गोठा भारी त्याची स्पर्धा, मग स्टेजवर मराठी नाटक. धाकट्या काकाने एकदा तीन अंकी नाटकात बाईचं काम केलं होतं, आजीने त्याला विंगेतून चप्पल दाखवली होती, ही गोष्ट तुला पाठच आहे.

आणि मयताची घंटा. ती वेगळी वाजते, संथ, एकेक ठोका सुटा. वाजली की रहाट थांबायचा, बावखलाच्या तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका थांबायच्या आणि पहिला प्रश्न, 'कोण गेलं?' मग अर्ध्या तासात त्या घरी चहाचं पातेलं चढलेलं असायचं, खुर्च्या आलेल्या, फादरकडे कोणीतरी गेलेलं, आणि यातलं काहीच घरच्यांनी सांगितलेलं नसायचं. तुझे आजोबा गेले तेव्हा मी इथे होतो, विमान मिळून पोचेपर्यंत मला करायला काही उरलंच नव्हतं. त्यावर जास्त नाही लिहीत.

पैशाचंही तेच. सावकाराकडून शेतकरी सुटावा म्हणून वसईच्या ख्रिस्ती लोकांनी १९१८ मध्ये स्वतःची पतपेढी काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक, तुझ्या नावाने आजोबांनी खातं काढलेलं ते तिथलंच, पासबुक मम्मीकडे आहे. आणि मी कॉलेजात असताना विहिरींचं पाणी टँकरने मुंबईला आणि नव्या बिल्डिंगांना विकायला लागले, विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर लोक घरी जायच्या ऐवजी चर्चच्या हॉलमध्ये पाण्यावर भांडत बसायचे. आजोबा, जे आयुष्यात कधी तालुक्याच्या ऑफिसला सुद्धा चप्पल घालून गेले नव्हते, ते मोर्चाला गेले, इस्त्रीचा शर्ट घालून.

दिब्रिटो नंदाखालचेच. सुवार्ता मासिक त्यांनी कितीतरी वर्षं चालवलं, आपल्या घरी यायचं, मी मराठी जे काय धड लिहितो ते शाळेपेक्षा त्याच्यावर. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही काही लोकांनी विरोध केला होता, धमकीचे फोन केले होते, ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या संमेलनाचा अध्यक्ष कसा म्हणून. २०२४ च्या जुलैत ते गेले. तर बयो, तुझा प्रश्न मला का झोंबला ते तुला कळलं असेल. तो मी बाहेरच्यांकडून ऐकलाय, पुण्यात होस्टेलला, भाड्याने घर शोधताना, 'तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!' घरातून पहिल्यांदाच आला. तू वाईट मनाने विचारलं नाहीस हे मला माहितेय.

आपण घरी जी बोली बोलतो ना, ती कादोडी, तीच शेजारच्या आळीतले सामवेदी ब्राह्मण पण बोलतात. त्यांच्या घरी देव्हारा, आपल्याकडे क्रूस. निर्मळला शंकराचार्यांची समाधी आहे, दिवाळीनंतर जत्रा भरते, आत्याचं घर तिथनं चालत जाण्यावर, आम्ही सगळे जायचो, सुकेळी घ्यायची, पाळण्यात बसायचं, आणि येताना होली क्रॉस चर्चला डोकं टेकवून यायचं. फादर कधी काही बोलले नाहीत. बोलले असतील तर आजीने ऐकलं नाही.

आता सगळं गोड गोड लिहितोय असं वाटून घेऊ नकोस. त्याच चर्चमध्ये कोण रविवारी आलं नाही, कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली याची खडान्‌खडा खबर असायची. चारशे वर्षं 'सगळी देवाची लेकरं' म्हणतोय आणि लग्नं मात्र आपापल्यातच, आपल्या कुपाऱ्यांची कुपाऱ्यांत, वाडवळांची वाडवळांत, कोळ्यांची कोळ्यांत. बाप्तिस्मा झाला पण जात काही पाण्यात विरघळली नाही. तुझ्या आत्याने वाडवळ मुलगा पसंत केला तेव्हा घरात दोन वर्षं काय चाललं होतं ते तिलाच विचार, आणि तुझे हेच प्रेमळ आजोबा त्यात सगळ्यात पुढे होते. मी गावातून निघालो त्यात नोकरी हे एक कारण आणि हे सगळं दुसरं. मग इथे येऊन मी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पंधरा वसईकर जमवून मराठीत माळ म्हणतो आणि तुला ओढत नेतो, आणि तू मागे फोनमध्ये डोकं घालून बसतेस. त्याच्यावरून मी तुला गाडीत बोललो ते जरा जास्तच झालं असं मम्मीचं म्हणणं आहे. असेल. पण 'आम्हासाठी विनंती कर' सुरू झालं की मला त्या चटयांचा वास येतो, त्याला मी काय करू. तुला येणार नाही, तुझा काय संबंध त्या चटयांशी.

तुला मानायचंच असं काही नाही. मी स्वतः किती मानतो ते मलाच धड सांगता येत नाही, मिस्सेत अर्धा वेळ माझं लक्ष ऑफिसात असतं. पोर्तुगीजांनी केलं त्याचं समर्थन पण मी करत नाहीये, तू असाइनमेंटमध्ये त्यांना चांगलं झोडप. फक्त त्यात आपल्या गोन्सालो गार्सियाला पण घे, बाप पोर्तुगीज आणि आई वसईची, वसईतून निघून जपानला गेला, १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं, १८६२ ला संत केलं. तो त्यांचा का आपला, ते तुझ्या क्लासमध्ये ठरवा आणि मला पण कळवा.

आणि हो, पुढच्या वर्षी पेंटेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या सणाला, मी घरी जायचं म्हणतोय. नंदाखालचा सण तेव्हाच असतो, मे महिना किंवा जूनची सुरुवात, उकाड्याने जीव जातो आणि निम्म्या वर्षी मांडवावर पहिला पाऊस पडतोच, स्टॉलवाले शिव्या घालतात. तुझी परीक्षा तोवर झालेली असेल. येणार असलीस तर एक दिवस मेणवलीला पण जाऊ, मधे नाशिकचं जमतंय का बघू. तिकिटं महाग व्हायच्या आत कळव. नाही यायचं तर नाही, मी रागावणार नाही. आजी रागावेल, ते तुम्ही दोघी बघून घ्या.

पप्पा