रश्श्याच्या बरणीचे झाकण का सुटते?

प्रश्न : आमच्या गृहउद्योगात सावजी रस्सा काचेच्या बरणीत भरून रिटॉर्टमध्ये (वाफेच्या दाबाखाली तापवणाऱ्या बंद भांड्यात) १२१ अंश सेल्सिअसला तापवतो. थंड होताना काही झाकणे सैल होतात. संत्र्याच्या रसाला असे कधी झाले नाही. (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : संत्र्याचा रस आंबट, त्याचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असतो, त्यामुळे तो उकळत्या पाण्यातच सुरक्षित होतो आणि दाबाचा प्रश्न येत नाही. रस्सा तेवढा आंबट नसतो, त्यामुळे त्यात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मारावे लागतात, म्हणून तापमान कृपया कमी करू नका. वाफ सोडताच बाहेरचा दाब झपाट्याने उतरतो, पण बरणीतला रस्सा अजून धगधगत असतो आणि आतला दाब झाकण उचलतो. म्हणून थंड करतानाही हवेचा दाब चालू ठेवावा आणि तो हळूहळू उतरवावा. बरणी काठोकाठ भरू नये, कारण फुगणाऱ्या रश्श्याला जागा लागते. झाकणाच्या आतील प्लास्टिसॉलची (मऊ प्लास्टिकच्या थराची) कडा उष्णतेने नरम होऊन काचेच्या ओठावर बसते. तिथे तर्रीचा एक थेंब जरी राहिला तरी पकड कच्ची राहते, तेव्हा झाकण लावण्याआधी ओठ स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसावा. सैल झालेले झाकण पुन्हा आवळून ती बरणी मुळीच विकू नये.