चुलीमागची पाटी आणि भावजयीचा दावा

प्रश्न : मी सोलापूरची, लग्नानंतर इंग्लंडमध्ये ईस्ट ससेक्सला. ट्यूडर काळात सासरचं घराणं लोखंडाच्या धंद्यात होतं. घरात शेकोटीच्या मागच्या भिंतीला बिडाची जाड पाटी आहे, तिच्यावर अ‍ॅन फॉर्स्टर हे नाव आणि १५९१ साल. कपाटात चान्सरी कोर्टातल्या एका दाव्याची नक्कल आहे. त्यात एक विधवा म्हणते की नवरा गेल्यावर दिराने भट्टी आणि सगळे कागद बळकावले. घरातली समजूत अशी, की पाटीवरची अ‍ॅन म्हणजे ती विधवा, आणि आम्ही त्या लबाड दिराचे वंशज. सासरे हे हसत सांगतात. मला मात्र खरं काय ते हवंय. पहिल्या पानाचा फोटो पाठवतेय. – एक वाचक

उत्तर : ताई, आधी पाटी बाजूला ठेवू. ती बाई तुमची नव्हे. अ‍ॅन फॉर्स्टर सरे परगण्यातल्या क्रोहर्स्टच्या चर्चमध्ये पुरलेली आहे. थडग्यावर बिडाची पाटी आहे आणि मजकूर असा : थॉमस गेन्सफर्डची मुलगी व वारस, १८ जानेवारी १५९१ ला वारली, मागे दोन मुलगे आणि पाच मुली. लाकडी अक्षरं ओल्या वाळूत दाबायची आणि वर वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा, अशी ही कामं व्हायची. त्यात काही अक्षरं उलटी पडली आणि तशीच राहिली. तुमच्याही पाटीवर ती उलटी असणार, बघा. कारण त्याच साच्यावरून शेकोटीच्या पाट्याही ओतल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी अजून शिल्लक आहेत. कुणाच्या थडग्याचा मजकूर दुसऱ्याच्या चुलीमागे कसा चालला, हे मला अजून पटलेलं नाही, पण चालला खरा. तुमच्याकडे पाटी आहे याचा अर्थ कुणीतरी ती विकत आणली, एवढाच. शिवाय तेव्हा इंग्लंडचं साल २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे ही जानेवारी आजच्या हिशेबाने १५९२ ची धरावी.

आता तुमचा फोटो. दाव्यावर तारीख नाही, म्हणून घरच्यांनी पाटीवरचं साल त्याला चिकटवलं. पण अगदी वरची ओळ वाचलीत का? अर्ज लॉर्ड कीपर, म्हणजे चान्सरीचे प्रमुख, सर निकोलस बेकन यांना लिहिलेला आहे. बेकन त्या पदावर १५५८ च्या डिसेंबरात आले आणि १५७९ च्या फेब्रुवारीत वारले. म्हणजे दावा त्या वीसेक वर्षांतला, पाटीच्या निदान बारा वर्षं आधीचा.

राहता राहिला लबाड दीर. मी साताऱ्याला दुय्यम निबंधक कार्यालयात अठ्ठावीस वर्षं दस्त नोंदवले, तेव्हा दीर-भावजयीचे वाद मला काही नवे नाहीत. मुलीकडे केंटला राहू लागल्यावर हौस म्हणून हे जुने कागद वाचायला शिकले. तर सांगते, एकट्या वादीचा अर्ज वाचून कुणाला चोर ठरवू नका. तुमच्या पानावर बाई म्हणते, कागदपत्रं ‘योगायोगाने’ दिराच्या हाती गेली. ती किती आहेत, थैलीत आहेत की पेटीत, पेटीला कुलूप आहे की नाही, हे तिला ठाऊक नाही, म्हणून साध्या कोर्टात दाद मागता येत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही पोटात कालवलं. मग अशीच दुसरी वाचली, तिसरी वाचली. शब्दन्‌शब्द तोच! साध्या कोर्टात कागद परत मागायचे तर कोणते ते नेमके सांगावे लागत. ते सांगता येत नाहीत असं म्हटलं की चान्सरीचं, म्हणजे साध्या कोर्टात दाद न मिळणारे वाद ऐकणाऱ्या कोर्टाचं, दार उघडायचं. वकिलाचा ठरलेला मसुदा तो. ‘गरीब विधवा’ हेही त्यातलंच. गरीब बाईच्या नवऱ्याची भट्टी कुठली?

दिराच्या कैफियतीत काय आहे, ते आधी शोधा. तिची सुरुवातही ठरलेली असते : दावा मोघम आहे, निव्वळ छळासाठी आहे. ती ओलांडली की कामाचं हाती लागतं. मला विचाराल तर खरा वाद इथे असावा. तिथल्या कायद्याने मालकीची जमीन वारसाला, म्हणजे थोरल्या मुलाला जाई. मूलबाळ नसेल तर भावाला. चीजवस्तू मात्र मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्याच्याकडे, त्याच्या हाती, आणि नवरे हे काम बहुधा बायकोवरच सोपवत. आणि भाडेपट्टा? तो कितीही वर्षांचा असला तरी चीजवस्तूत मोजायचा! हे कळलं त्या दिवशी मी मुलीला फोन करून हसले. आयुष्यभर मी भाडेपट्टे स्थावरात लिहिले होते. आता धंदा बघा. पुष्कळ लोहमालक भट्टी दुसऱ्याकडून पट्ट्यानेच घेत. पाण्याच्या चाकावर भाते चालायचे, म्हणून पाऊसपाणी झालं की भट्टी पेटवायची आणि ती महिनोन्‌महिने विझू द्यायची नाही. हंगामाच्या मध्यात मालक गेला तर तळ्याचा बांध कुणाचा, अंगणातला कोळशाचा ढीग कुणाचा, उद्या पहाटे ओतायच्या लोखंडाचा मालक कोण? जमीन मालकीची असली तर बांध दिराचा. पट्ट्याची असली तर बांधापासून कोळशापर्यंत सगळं तिचं. मालकीच्या जमिनीतही विधवेला हयातीपुरता तिसरा हिस्सा असे, अर्थात लग्नात वेगळी तजवीज लिहून दिली नसेल तर. दोघंही आपापल्या जागी खरे असू शकतात. हे कार्यालयातही पाहिलंय.

या कागदांत माझ्या सगळ्यांत आवडीच्या साक्षी. कोर्टाने नेमलेले लोक गावात येऊन प्रश्नावली वाचत आणि उत्तरं लिहून घेत. प्रत्येक साक्षीदाराचं नाव, गाव, धंदा, आणि वय ‘साठ किंवा त्याच्या आसपास’ असं. भातेवाला, कोळसेवाला, गाडीवान, ज्यांचं मृत्युपत्र कधी झालंच नाही, ते इथे बोलतात. साक्षी अर्जासोबत नसतात, वेगळ्या गठ्ठ्यात असतात, म्हणून तुमच्या नकलेत त्या नाहीत.

शोधताना एक लक्षात ठेवा. विधवेने पुन्हा लग्न केलं की पुढचे कागद नव्या नवऱ्याच्या नावाने, त्याच्यासोबत. जुन्या आडनावाखाली ती एकदम नाहीशी होते. मेली असं समजू नका. चान्सरीचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, यादी घरबसल्या चाळता येते. नवऱ्याचं मृत्युपत्र कँटरबरीच्या धर्मकोर्टात सिद्ध झालं असेल तर तेही तिथेच. लुइसच्या धर्मकोर्टात झालं असेल तर ब्रायटनजवळच्या ‘द कीप’ या अभिलेखागारात. गावच्या चर्चच्या नोंदी १५३८ पासून सुरू होतात, त्याआधीचं लग्न शोधत बसू नका. आणि १५७४ ची भट्टीमालकांची सरकारी यादी जरूर बघा. तोफा परदेशी जातात अशी ओरड झाली तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, ती करवून घेतली होती.

शब्दांना मात्र जपा. मी एका मृत्युपत्रात ‘कोल’ वाचून दगडी कोळसा समजले आणि ससेक्समध्ये खाणी कुठे, म्हणून आठवडाभर नकाशे पालथे घातले. तो लोणारी कोळसा होता. दगडी असता तर ‘सी-कोल’ लिहिलं असतं. ‘माइन’ म्हणजे खाण नव्हे, गाडीत भरलेला लोखंडाचा दगड. ‘फार्मर’ म्हणजे शेतकरी नव्हे, भट्टी मक्त्याने घेणारा. आणि ‘सन-इन-लॉ’ लिहिलेला मुलगा जावई असेलच असं नाही, सावत्रही असतो. दिराच्या वंशावळीत हे आधी तपासा.

प्रश्न : इंग्लंडमधली पहिली लोखंडी तोफ ससेक्सच्या बक्स्टेडला ओतली, असं तिथे फिरताना ऐकलं. कुणी म्हणतं ती ह्युगेटने ओतली, कुणी म्हणतं हॉगने, कुणी चक्क पाद्र्याने. खरं कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मान पाद्र्यालाच द्या. विल्यम लेव्हेट बक्स्टेडचा रेक्टर. भाऊ जॉन १५३५ मध्ये वारला आणि लोखंडाचा कारभार याच्या गळ्यात पडला. १५४३ मध्ये एकसंध ओतलेली, तोंडाकडून भरायची तोफ तिथे तयार झाली. कामावर पीटर बोड हा फ्रेंच तोफकार आणि लेव्हेटचा माणूस राल्फ हॉग. ह्युगेट आला तो गावातल्या दोन ओळींच्या यमकातून. त्या भागात त्या नावाची एक भट्टीही होती, त्यामुळे ते नाव तोंडात बसलं.

हॉग पुढे स्वतःच मोठा लोहमालक झाला. तोफा परदेशात विकायचा परवाना एकट्या त्याच्याकडे होता. इतर जण चोरून विकतात म्हणून त्याने १५७३ मध्ये तक्रार केली आणि वर सांगितलेली १५७४ ची यादी त्यातूनच निघाली. बक्स्टेडला त्याच्या घरावर १५८१ साल कोरलंय आणि शेजारी एक डुक्कर, कारण इंग्रजीत ‘हॉग’ म्हणजे डुक्कर. ह्युगेटचं घर असतं तर तिथे डुक्कर कशाला कोरलं असतं?