वाचकांचे प्रश्न : मुलांचे टायपिंग

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील एका शाळेत पाचवीला शिकवते. संगणक कक्षात आमची मुले ऑनलाइन प्रोग्रॅमवर टायपिंगचा सराव करतात. काहींचा वेग उत्तम दिसतो, पण ती दोनच बोटांनी आणि कळांकडे पाहून टाइप करतात; तरी प्रोग्रॅम त्यांना पूर्ण तारे देतो. त्यांना पहिल्यापासून शिकवावे का?

उत्तर : होय, शिकवावे, आणि शक्य तितक्या लवकर, कारण दोन बोटांची सवय जितकी जुनी होईल तितकी ती सोडणे मुलांच्या जिवावर येते. कोणती कळ दाबली आणि किती वेळात दाबली, एवढेच प्रोग्रॅमला कळते. ती कोणत्या बोटाने दाबली हे त्याला दिसत नाही. त्यामुळे दहाही बोटे नियमाने वापरणारे, म्हणूनच सुरुवातीला संथ असणारे मूल पडद्यावर मागे पडलेले दिसते आणि भलतेच मूल पहिले येते. म्हणून पहिले काही आठवडे वेगाचा आकडा वर्गात वाचून दाखवू नये; केवळ अचूकता पाहावी.

मुलांना डोळे मिटून एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे तर्जनीने शोधायला लावावे. तेथे तर्जन्या टेकल्या की उरलेली बोटे मधल्या ओळीवर आपोआप आपापल्या जागी येतात. नंतर हातांवर एखादा पातळ नॅपकीन टाकावा. कळांवर रंगीत कागद चिकटवण्यापेक्षा हा उपाय बरा, कारण कागद चिकटवला की मुलांची नजर उलट खालीच जाते. विशेष लक्ष डाव्या करंगळीकडे द्यावे. ‘ए’ दाबताना मूल करंगळी हवेत ठेवून अनामिकेने काम भागवत असेल, तर तेथेच थांबवावे. मात्र लहान हातांची करंगळी वरच्या ओळीपर्यंत सहज पोहोचत नाही. तेथे थोडी सूट देण्यास हरकत नाही.

संगणक कमी असतील तर एका संगणकावर दोन मुले बसवावीत. एकाने टाइप करावे आणि दुसऱ्याने पडद्याकडे न पाहता जोडीदाराच्या बोटांकडे पाहावे. दहा मिनिटांनी अदलाबदल करावी. प्रोग्रॅमला जे दिसत नाही ते शेजारच्या मुलाला अचूक दिसते (आणि चूक दाखवण्यात मुले कुचराई करत नाहीत!). खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या असल्यास पायांखाली फळी द्यावी, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत.

बीबीसीचा ‘डान्स मॅट टायपिंग’ हा मोफत प्रोग्रॅम सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी केलेला असून त्याच्या चार पातळ्यांत प्रत्येकी तीन टप्पे आहेत; प्रत्येक टप्प्यात मोजक्याच नव्या कळा येतात, हा त्याचा मोठा गुण. पडणारी अक्षरे टिपण्याचे खेळ मात्र बोटे बसल्यानंतरच द्यावेत, नाही तर घाईत मुले पुन्हा दोन बोटांवर येतात. इंटरनेट वरचेवर जात असल्यास ‘टक्स टायपिंग’ किंवा ‘क्लावारो’ संगणकावर उतरवून ठेवावे. दोन्ही मोफत आहेत. मुलांची खाती काढावी लागलीच, तर पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक वापरावा आणि पालकांची संमती आधी घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. इंग्रजी टायपिंग तिला बऱ्यापैकी जमू लागले आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट (प्रत्येक कळेवर थेट मराठी अक्षर किंवा मात्रा असलेली रचना) शिकवावे की इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची पद्धत? – एक पालक, राजारामपुरी

उत्तर : इनस्क्रिप्ट शिकवावे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ही रचना आहे आणि विंडोज, लिनक्स या दोन्हींत ती आधीपासून असल्याने वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘कोल्हापूर’ हा शब्द मुलीला टाइप करायला सांगा : क उजव्या हाताने, ओकाराची मात्रा डाव्या, ल उजव्या, पाय मोडण्याचे चिन्ह डाव्या, ह उजव्या, काना डाव्या, प उजव्या, दीर्घ ऊकार डाव्या आणि र पुन्हा उजव्या हाताने. नऊ कळांत एकदाही एकाच हाताला लागोपाठ दोन कळा दाबाव्या लागत नाहीत. शिवाय ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’ आणि ‘ग’च्या कळेवर ‘घ’ मिळतो, त्यामुळे पाठांतर कमी होते. इंग्रजी अक्षरांची पद्धत फोनवर दोन ओळी लिहिणाऱ्या आजोबांना पुरेशी आहे. मुलीला मात्र तिच्यात प्रत्येक मराठी शब्दाचे आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवत बसावे लागेल.

प्रश्न : मुलाला ऑनलाइन प्रोग्रॅमचे प्रमाणपत्र मिळाले आहे. पुढे सरकारी नोकरीत ते चालेल का?

उत्तर : नाही. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे शासकीय प्रमाणपत्र लागते. त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.